खिसा रिकामा करता येतो. शरीरावरील यंत्राचे काय?

नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईतील मॉल, मोठी हॉटेले आणि चित्रपटगृहे यांच्या दारांत मेटल डिटेक्टरच्या चौकटी सर्रास दिसू लागल्या. शहरी माणसाला आता त्यांची इतकी सवय झाली आहे, की चौकट वाजली तरी जाणारा थबकत नाही आणि पुष्कळदा त्याला कोणी थांबवतही नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो शहरात, जगभरातील पर्यटकांची रीघ लागलेल्या थीम पार्कमध्ये मात्र हा आवाज दुर्लक्षिला जात नाही. तेथे चौकट केवळ पार्कच्या मुख्य प्रवेशद्वारावर नसते. काही रोलर कोस्टरच्या रांगेतही ती उभी असते आणि तेथे नाणे, किल्ली, मोबाइल यांपैकी काहीही खिशात राहिलेले चालत नाही.

निरोगी माणसाच्या दृष्टीने हा दोन मिनिटांचा उपद्रव आहे. लॉकर उघडायचा, वस्तू ठेवायच्या आणि पुढे जायचे. परंतु ज्याच्या कमरेला इन्शुलिन पंप आहे, दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला आहे किंवा छातीत पेसमेकर आहे, त्याने काय काढून ठेवायचे? मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणारे आई-वडील, सहलीच्या कंपनीबरोबर निघालेली कुटुंबे आणि लहान वयात मधुमेह जडलेल्या मुलांचे पालक या सर्वांपुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. त्याचे उत्तर बहुतेकांना ऐन रांगेत, मागचे लोक खोळंबलेले असताना शोधावे लागते. घाईत शोधलेले उत्तर दोन्ही बाजूंनी चुकण्याचा संभव असतो. कोणी सुरक्षित असलेला आनंद विनाकारण सोडून देतो, तर कोणी जेथे थांबायला हवे होते तेथे पुढे जातो.

या गोंधळाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. पार्कमध्ये वस्तुतः तीन वेगवेगळ्या तपासण्या होतात आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो. प्रवेशद्वारावर विचारले जाते, ‘तुमच्याजवळ शस्त्र आहे का?’ राइडच्या रांगेत विचारले जाते, ‘तुमच्याजवळून काही निसटून पडेल का?’ आणि प्रत्यक्ष आसनात बसताना खरा प्रश्न असतो, ‘हा वेग, हे धक्के आणि हे चुंबक तुमच्या शरीराला व यंत्राला सोसतील का?’ पहिल्या दोन दारांतून सुखरूप आत गेलेला माणूस तिसऱ्या प्रश्नातही उत्तीर्ण झाला, असे मुळीच नाही.

राइडच्या रांगेत चौकट का आली?

ओरलँडोतील ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ हे युनिव्हर्सलचे पार्क १९९९ मध्ये खुले झाले. तेथील एका राइडमध्ये दोन रोलर कोस्टर एकमेकांच्या दिशेने धावत येत आणि अगदी जवळून निसटून जात. ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ हे तिचे मूळ नाव. २०१० मध्ये हॅरी पॉटरचा विभाग सुरू झाल्यावर ती ‘ड्रॅगन चॅलेंज’ झाली. २०११ च्या उन्हाळ्यात या राइडवर काही आठवड्यांच्या अंतराने दोन जण उडत आलेल्या वस्तूंमुळे जखमी झाले आणि त्यांतील एकाला डोळा गमवावा लागला. त्यानंतर दोन्ही गाड्या एकाच वेळी समोरासमोर सोडणे बंद झाले. पुढे २०१५ च्या उत्तरार्धात या राइडच्या आणि अन्य दोन कोस्टरच्या रांगांत मेटल डिटेक्टर बसवण्यात आले. ही राइड २०१७ मध्ये कायमची बंद झाली, पण तिने आणलेला नियम राहिला.

हा नियम अतिरेकी वाटत असेल, तर थोडा हिशेब करून पाहावा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हेलोसिकोस्टर’ या राइडचा कमाल वेग ताशी सुमारे ११२ किलोमीटर आहे. या वेगाने जाणाऱ्या गाडीतून निसटलेल्या २०० ग्रॅम वजनाच्या मोबाइलमध्ये जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते, जेवढी वेगवान गोलंदाजाने ताशी १२५ किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते. फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. खाली उभ्या असलेल्या किंवा मागच्या आसनात बसलेल्या पर्यटकाच्या डोक्यावर ते नसते. समोरून दुसरी गाडी येत असेल तर दोन्ही वेगांची बेरीज होते.

पडलेली वस्तू आणखी एका प्रकारे घातक ठरते. ऑगस्ट २०१५ मध्ये ओहायो राज्यातील ‘सीडर पॉइंट’ पार्कमध्ये राइडवर हरवलेली वस्तू शोधण्यासाठी कुंपण ओलांडून गेलेला एक माणूस धावत्या कोस्टरच्या आघाताने मृत्युमुखी पडला. जून २०२४ मध्ये त्याच राज्यातील ‘किंग्ज आयलंड’ येथे पडलेल्या किल्ल्या आणायला गेलेल्या दुसऱ्या एकाचा असाच अंत झाला. रांगेतील ती चौकट माणसांवरील अविश्वासातून आलेली नाही. वस्तू पडू नये आणि पडलेल्या वस्तूमागे माणूस जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे.

मुख्य प्रवेशद्वारावरील तपासणीची कहाणी वेगळी. अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ डिसेंबर रोजी डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या ओरलँडोतील तिन्ही समूहांनी प्रवेशद्वारांवर मेटल डिटेक्टर आणले. म्हणजे एकाच वर्षात, एकाच शहरात, एकसारख्या दिसणाऱ्या चौकटी दोन सर्वस्वी भिन्न कारणांसाठी उभ्या राहिल्या. पर्यटकांचा गोंधळ होतो तो येथेच.

पहिले दार : चौकट यंत्राला बिघडवते का?

मेटल डिटेक्टरची चौकट आपल्या आतील वेटोळ्यांतून सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रातून धातू गेला की त्यात क्षणिक प्रवाह उत्पन्न होतो आणि यंत्राला तो बदल जाणवतो. क्ष-किरणांचा येथे संबंध नसतो. सामानाची पिशवी ज्या पट्ट्यावरून आत सरकते, ते क्ष-किरण यंत्र आणि ही चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात घेतला की निम्मी भीती संपते.

पेसमेकर किंवा हृदयाचे ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारे आय.सी.डी. हे यंत्र बसवलेल्या व्यक्तीने चौकटीतून नेहमीच्या चालीने जावे, तेथे रेंगाळू नये किंवा चौकटीला टेकून उभे राहू नये, असा हृदयरोगतज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला आहे. हातात धरायचा डिटेक्टर छातीवरील यंत्रासमोर फार वेळ धरून ठेवू नये, अशी विनंती रक्षकाला करावी. ही केवळ सावधगिरी आहे. जर्मनीतील म्युनिक येथे पेसमेकर किंवा आय.सी.डी. बसवलेल्या ३८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाती डिटेक्टरमुळे एकाही यंत्राच्या कार्यात बिघाड आढळला नव्हता.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा चौकट वाजवू शकतो, पण त्याला चौकटीपासून अपाय होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटबद्दल अनेक ज्येष्ठांच्या मनात शंका असते. तिलाही आधार नाही. कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्यांना चौकटीतून जाताना विचित्र आवाज ऐकू येऊ शकतो, म्हणून बाहेरचा प्रोसेसर क्षणभर बंद करावा, असे सांगितले जाते.

दोन बाबतींत मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. पहिली बाब मेंदूत बसवलेल्या उत्तेजक यंत्राची. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा बसवून त्यांना छातीतील यंत्राने विद्युत्संदेश दिले जातात. सुरक्षेच्या चौकटींमुळे अशी काही यंत्रे अनपेक्षितपणे बंद किंवा चालू होऊ शकतात, असा इशारा उत्पादकांनी दिलेला आहे. अशा व्यक्तीने ओळखपत्र दाखवून चौकटीऐवजी हाताने तपासणी करण्याची विनंती करणे रास्त ठरते. दुसरी बाब इन्शुलिन पंपाची. अनेक पंप आणि काही सेन्सर क्ष-किरणांच्या पट्ट्यावरून पाठवू नयेत, असे उत्पादक सांगतात. पंप अंगावर असेल तर चौकटीतून जाणे सामान्यतः चालते, पण पंप काढून पिशवीत टाकला आणि पिशवी पट्ट्यावर ठेवली तर उलटाच घोटाळा होतो. यंत्र वाचवण्यासाठी ते काढायचे आणि नेमके नको तेथे पाठवायचे, ही चूक टाळण्याजोगी आहे. बदली सेन्सर आणि पंपाचे सुटे भाग सामानात असतील तर तेही हातात घेऊन तपासायला द्यावेत.

दुसरे दार : सुटी वस्तू म्हणजे काय?

राइडच्या रांगेतील चौकटीला शस्त्रांशी कर्तव्य नसते. तिला सुटी वस्तू शोधायची असते, मात्र धातू ओळखण्यापलीकडे तिला काही येत नाही. खिशातील नाणे आणि पोटावर चिकटवलेला पंप यांतील भेद तिला कळत नाही. तो भेद माणसाने करायचा असतो आणि म्हणूनच चौकटीजवळच्या कर्मचाऱ्याला आधीच सांगणे महत्त्वाचे ठरते. चौकट वाजल्यावर दिलेले स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते. तीच गोष्ट चौकटीत शिरण्यापूर्वी सांगितली तर ती माहिती असते. ‘हे वैद्यकीय उपकरण आहे, ते शरीराला जोडलेले आहे’ एवढे एक वाक्य पुरते. त्यानंतर सामान्यतः हाती डिटेक्टरने तपासणी करून केवळ तेवढ्याच जागी धातू आहे याची खात्री करून घेतली जाते.

तथापि प्रत्येक उपकरणाची गोष्ट सारखी नाही. नळीचा इन्शुलिन पंप कमरेला अडकवलेला असतो आणि तो नळीपासून तात्पुरता सोडवता येतो. ऑम्निपॉडसारखा नळीविरहित पंप थेट त्वचेवर चिकटतो आणि तीन दिवस तेथेच राहतो. तो एकदा काढला की पुन्हा लावता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. साखर मोजणाऱ्या सेन्सरचेही तसेच आहे. ‘दहा मिनिटांसाठी काढून ठेवा’ हे वाक्य पहिल्या प्रकाराला लागू होते; दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत त्याचा अर्थ उपकरण निकामी करा, असा होतो. कर्मचाऱ्याला हा फरक ठाऊक असेलच असे नाही. तो शांतपणे सांगण्याची जबाबदारी रुग्णावर किंवा पालकावर येते.

श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरील भाग या मात्र खऱ्या अर्थाने निसटू शकणाऱ्या वस्तू आहेत. इम्प्लांटचा बाहेरचा भाग केवळ लहानशा चुंबकाने डोक्याला धरून राहतो. वेगवान कोस्टरवर तो उडून गेला तर नुकसान मोठे आणि इतरांना धोकाही. तो काढून ठेवणे शहाणपणाचे; परंतु त्यानंतर त्या मुलाला कर्मचाऱ्याच्या सूचना ऐकू येणार नाहीत, हे आधी सांगून ठेवायला हवे.

सर्वांत नाजूक प्रश्न मोबाइलचा आहे. चौकटीच्या दृष्टीने मोबाइल ही सुटी वस्तूंतील पहिल्या क्रमांकाची गुन्हेगार. पण आजच्या मधुमेही रुग्णाच्या हातातील मोबाइल हा सेन्सरचा पडदा असतो आणि क्वचित पंपाचा नियंत्रकही. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागली की तोच इशारा देतो. तो लॉकरमध्ये गेला की सेन्सर मोजमाप करीत राहतो, काही तासांच्या नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि मोबाइल पुन्हा जवळ आल्यावर त्या पाठवतो. मधल्या काळात इशारा मात्र कोणाला मिळत नाही. दिवसभर उन्हात चालल्याने साखर उतरण्याचा संभव अधिक असतो, तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे. मोबाइल ठेवण्यापूर्वी साखरेचा आकडा आणि तिचा कल पाहावा, ती उतरत असेल तर आधी काही खावे आणि मगच रांगेत जावे. ग्लुकोजच्या गोळ्यांचे पाकीट चौकट वाजवत नाही. ते बंद होणाऱ्या खिशात ठेवता येते.

पंप काढायचा असेल तर तो कोठे काढायचा, यालाही महत्त्व आहे. पंपात केवळ जलद काम करणारे इन्शुलिन असते. पंप सुटला की शरीरातील साठा हळूहळू संपतो आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काही तासांतच कीटोअ‍ॅसिडोसिस ही जीवघेणी अवस्था ओढवू शकते. म्हणून एका वेळी तासभराहून अधिक काळ पंप दूर ठेवू नये, हा रूढ दंडक आहे. आता राइडच्या रचनेकडे पाहू. युनिव्हर्सलच्या ‘हल्क’ कोस्टरचे लॉकर आणि चौकट रांगेच्या आरंभी आहेत. तेथे पंप लॉकरमध्ये ठेवला तर संपूर्ण प्रतीक्षेचा काळ पंपाविना जातो. सुट्टीच्या दिवसांत तो तासाहून अधिक असू शकतो. व्हेलोसिकोस्टरचे लॉकर दोन्ही बाजूंनी उघडणारे असून ते गाडीत बसण्याच्या थोडे आधी येतात, त्यामुळे तेथे हा खंड काही मिनिटांचाच असतो. पहिल्या प्रकारात पंप अंगावर ठेवूनच रांगेत जाणे आणि बसण्याच्या वेळी तो राइड न घेणाऱ्या सोबत्याकडे देणे अधिक सुरक्षित. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात बाहेरच्या लॉकरमध्ये इन्शुलिन तापण्याची भीती असते, हेही विसरता कामा नये.

तिसरे दार : चौकट विचारत नाही तो प्रश्न

येथपर्यंतचा भाग नियमांचा झाला. खरा निर्णय यानंतरचा आहे आणि तो कोणताही सुरक्षारक्षक घेऊ शकत नाही.

अनेक आधुनिक कोस्टरमध्ये गाडीला वेग देण्यासाठी किंवा ती थांबवण्यासाठी प्रबळ चुंबकांचा वापर होतो. व्हेलोसिकोस्टरची गाडी चुंबकीय मोटारीने दोनदा पुढे फेकली जाते, तर हल्कची गाडी फिरत्या टायरच्या साहाय्याने ढकलली जाते. दोन्ही राइड बाहेरून सारख्याच भीषण दिसतात, पण पंपाच्या दृष्टीने त्या एकसारख्या नाहीत. प्रबळ विद्युत्चुंबक असलेल्या, विशेषतः उंचावरून मुक्तपणे खाली सोडणाऱ्या राइडवर जाण्यापूर्वी पंप काढून सोबत्याकडे द्यावा, असे मेडट्रॉनिकच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले आहे. टँडेमच्या सूचनांत तर अतिवेगवान राइडवर नळी शरीरापासून सोडवावी, असे स्पष्ट आहे. कारण उंची आणि गुरुत्वबल झपाट्याने बदलले की इन्शुलिनच्या पुरवठ्यावर परिणाम होऊ शकतो. येथे एक विसंगती ध्यानात येते. चौकटीवरील कर्मचारी ‘वैद्यकीय उपकरण आहे, चालेल’ म्हणून पंपासह आत सोडतो आणि त्याच पंपाचा उत्पादक ‘या राइडवर तो नको’ म्हणतो. दोघेही आपापल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देत असतात.

पेसमेकरच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक मिलिटेस्लापर्यंतच्या स्थिर चुंबकीय क्षेत्राचा त्यावर परिणाम होऊ नये, अशी अपेक्षा असते. त्याहून प्रबळ चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर तात्पुरता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. आय.सी.डी. यंत्राची झटका देण्याची क्षमता तेवढ्या काळापुरती स्थगित होते. चुंबक दूर गेला की बहुतेक यंत्रे पूर्ववत चालू लागतात. चुंबकाचे बळ अंतराबरोबर झपाट्याने घटते; त्यामुळे रुळाखालच्या चुंबकापेक्षा मोठा प्रश्न बहुधा हृदयाचाच असतो. जर्मनीतील एका रोलर कोस्टरवर ५५ निरोगी स्वयंसेवकांच्या हृदयाची नोंद घेण्यात आली होती. २००५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या त्या निष्कर्षांनुसार नाडीचा सरासरी वेग मिनिटाला ९१ वरून १५३ वर गेला. सशक्त हृदयाला हा क्षणिक ताण सोसतो. ज्या हृदयाला मुळात यंत्राची गरज पडली, त्याच्याबद्दलचा निर्णय रांगेत उभे राहून करायचा नसतो. शिवाय यंत्र नुकतेच बसवले असेल तर तारा स्थिर होईपर्यंत पहिले काही आठवडे तो हात खांद्यावर नेण्यासही मनाई असते. अशा वेळी खांद्यावरून छातीवर घट्ट बसणारी सुरक्षापट्टी हेच मोठे संकट ठरू शकते.

तिसरा प्रश्न टाळला तर काय होते, याचे एक विदारक उदाहरण अमेरिकेनेच पाहिले आहे. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ‘डॅरियन लेक’ पार्कमध्ये युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक निवृत्त सैनिक कोस्टरवरून फेकला जाऊन मरण पावला. त्या राइडसाठी दोन्ही पाय असणे आवश्यक आहे, असा नियम होता; कारण तिची सुरक्षारचना मांड्यांना धरून ठेवण्यावर अवलंबून होती. तरीही त्याला बसू देण्यात आले. देशासाठी अपंगत्व पत्करलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे कोणालाही जड जावे. पण तेथे तो नकारच त्याचे प्राण वाचवू शकला असता.

नकार कधी न्याय्य, कधी अन्याय्य?

या उदाहरणावरून प्रत्येक नकार योग्यच, असा निष्कर्ष काढणेही चूक आहे. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने व्यवसायांना सुरक्षेच्या अटी घालण्याची मुभा दिली आहे. मात्र २०१० मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार अशी अट प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली असली पाहिजे. अपंगांविषयीच्या तर्कांवर, ठोकळेबाज समजुतींवर किंवा सरसकट अनुमानांवर नव्हे. जन्मतः एकच हात असलेल्या एका पर्यटकाला युनिव्हर्सलच्या ओरलँडोतील जलक्रीडा पार्कमधील एका राइडवर प्रवेश नाकारण्यात आला होता. उत्पादकाच्या सूचना पाळणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, असा पार्कचा बचाव होता. राज्याचा कायदा तसे सांगतो एवढ्यावरून ती अट केंद्रीय कायद्याच्या अर्थाने ‘आवश्यक’ ठरत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये म्हटले आणि प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवले. धोका खरोखर आहे का, हे दाखवावे लागेल, असा या निर्णयाचा आशय.

भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. श्रवणदोष आणि पार्किन्सन त्यांत आहेत, मधुमेह नाही. त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या मुलाला या कायद्याचा आधार घेता येतो, इन्शुलिन पंप लावणाऱ्या मुलाला तो त्या कारणाने घेता येत नाही. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिका’सारख्या पार्कमुळे मोठे रोलर कोस्टर महाराष्ट्रातील कुटुंबांच्या एका दिवसाच्या आवाक्यात आले आहेत. ‘हृदयविकार असलेल्यांनी या राइडवर बसू नये’ अशी पाटी आपल्याकडील पार्कमध्येही परिचयाची आहे. ती योग्यच आहे, पण पंप, सेन्सर, श्रवणयंत्र यांचे काय करावे, हे पाटीवरून समजत नाही. राइडवर चुंबक आहेत का, सुरक्षापट्टी शरीराच्या कोणत्या भागावर येते, वस्तू कोठे ठेवायच्या, हे पार्कने आधीच छापून दिले तर रांगेतील निम्मे वाद मिटतील. युनिव्हर्सल अपंग पर्यटकांसाठी राइडनिहाय मार्गदर्शिका प्रसिद्ध करते. अशा पुस्तिकेचा खर्च एका राइडच्या तुलनेत नगण्य असतो.

निघण्यापूर्वी करावयाची तयारी

तयारीची सुरुवात पार्कपासून नव्हे, डॉक्टरांपासून व्हावी. ‘मी रोलर कोस्टरवर बसू का?’ असा मोघम प्रश्न विचारला की मोघमच उत्तर मिळते. त्याऐवजी राइडचे नाव, वेग आणि सुरक्षापट्टीचा प्रकार सांगून विचारावे. यंत्राचे ओळखपत्र सोबत ठेवावे. ‘ही व्यक्ती अमुक उपकरण वापरते, ते काढता येते किंवा येत नाही, त्याला क्ष-किरण यंत्रातून नेऊ नये’ अशा तीन ओळींचे इंग्रजी पत्र डॉक्टरांकडून घ्यावे. ते मुंबईच्या विमानतळापासून उपयोगी पडते. उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतील सुरक्षा तपासणी आणि मनोरंजन राइड ही दोन प्रकरणे घरीच वाचावीत, कारण एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांच्या यंत्रांच्या सूचनाही वेगळ्या असू शकतात.

पार्कमध्ये पोहोचल्यावर प्रथमोपचार केंद्र कोठे आहे, हे सर्वप्रथम पाहून ठेवावे. इन्शुलिन थंड ठेवण्यासाठी किंवा तब्येत बिघडल्यास तेथेच जावे लागते. आपल्या गटातील एक व्यक्ती आळीपाळीने खाली थांबेल, अशी व्यवस्था करावी. पंप, मोबाइल आणि साखरेची गोळी यांच्यासाठी लॉकरपेक्षा तो सोबती कधीही विश्वासू. पंप काढला तर वेळ लक्षात ठेवावी, परत लावल्यावर साखर तपासावी. राइडवरील भीतीने आणि उत्साहाने ती तात्पुरती वाढलेली दिसू शकते. तिला लगेच जास्तीच्या इन्शुलिनने उत्तर देण्याची घाई करू नये. दिवसभराच्या चालण्याने ती नंतर, अगदी रात्रीही, उतरू शकते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे. पोटावरचा पंप दाखवण्यासाठी बारा वर्षांच्या मुलीला भर रांगेत सदरा वर करायला लावणे हा तिच्या मनावर दीर्घकाळ राहणारा आघात असू शकतो. तपासणी बाजूला, आडोशाला आणि पालकांच्या उपस्थितीत करा, असे म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही. पालकांनी हे बोलणे स्वतः करावे आणि ते अगदी सहज आवाजात करावे. यंत्राबद्दल लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मूल पालकांच्या स्वरावरूनच शिकते.

इन्शुलिन पंप, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट यांनी असंख्य माणसांना घराबाहेरचे जग परत मिळवून दिले आहे. ते जग उपभोगताना चौकट वाजली म्हणून खट्टू होऊन परत फिरण्याचे कारण नाही, तशीच ती वाजली नाही म्हणून निर्धास्त होण्याचेही नाही. धातू आहे की नाही, एवढेच चौकटीला कळते. त्यापुढचे रुग्णाने, त्याच्या डॉक्टरांनी आणि राइड चालवणाऱ्यांनी परस्परांना आधी सांगायचे असते.